सेल्फ फिरतोय, पण गाडी सुरू होत नाही

गाडी सुरू न होण्याचे दोन अगदी वेगळे प्रकार आहेत, पण मेकॅनिकला फोन करताना आपण ते ‘गाडी स्टार्टच होत नाहीये’ या एका वाक्यात गुंडाळून टाकतो. पहिल्या प्रकारात किल्ली फिरवली की नुसतं ‘टक’ वाजतं, किंवा टकटकटक आवाज होऊन डॅशबोर्डवरचे दिवे मंदावतात. इंजिन जागचं हलत नाही. दुसऱ्या प्रकारात सेल्फ नेहमीसारखा मारतो, इंजिन खर्र-खर्र फिरत राहतं, पण पेट घेत नाही. पहिल्यात संशय बॅटरी, तिची टर्मिनल्स आणि सेल्फ यांच्यावर घ्यायचा. दुसऱ्यात या तिघांनी आपापलं काम केलेलं असतं. तरीही दुसऱ्या प्रकारातल्या कितीतरी गाड्यांना आधी नवी बॅटरी बसते, मग नवे प्लग, मग फ्युएल पंप, आणि बिल हजारांत गेल्यावर कळतं की दोष एका रिलेत होता. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

इथे बोलायचं आहे ते या दुसऱ्या प्रकाराबद्दल. इंजिनाला नेमकं काय मिळत नाहीये हे गाडीमालकाला बॉनेट न उघडताही बऱ्याच अंशी ओळखता येतं. त्यासाठी हत्यारं लागत नाहीत. डोळे, कान आणि नाक पुरतात. लागतो तो तपासण्याचा क्रम. तो क्रम सोडून अंदाजपंचे पार्ट बदलत जाणं हा गाडीच्या बाबतीतला सर्वांत महागडा उपाय आहे, असं माझं ठाम मत आहे.

आधी बॅटरीचा विषय संपवू. लहान पेट्रोल गाडीचं इंजिन फिरवताना सेल्फ शंभरापासून दीडशे-दोनशे अँपिअरपर्यंत करंट ओढतो. दोन्ही हेडलाइट मिळून साधारण दहा अँपिअर घेतात, यावरून या ओझ्याची कल्पना यावी. एवढं ओझं उचलून बॅटरी इंजिनाला मिनिटाला दोनशे-अडीचशे फेरे देत असेल, तर तिला दोष देण्यात अर्थ नाही. अपवाद एकच. सेल्फ फिरतोय, पण रडतखडत, दर फेऱ्याला अडखळत. अशा वेळी मल्टिमीटर लावून पाहावं. पूर्ण चार्ज झालेली बॅटरी १२.६ व्होल्ट दाखवते, आणि सेल्फ मारताना हा आकडा साडेनऊच्या खाली घसरत असेल तर सेल्फ कसाबसा फिरला तरी ठिणगीला आणि गाडीच्या कॉम्प्युटरला, म्हणजे ईसीयूला, पुरेसा दाब उरत नाही. सेल्फचा वेग नेहमीसारखा असेल तर बॅटरीला तिथेच सोडून पुढे जायचं.

सेल्फ फिरला म्हणजे गाडीची सगळी वायरिंग ठीक, हा समजही इथेच दूर करायला हवा. एकाच किल्लीने दोन्ही गोष्टी होत असल्या तरी इंजिन फिरवणं आणि इंजिन पेटवणं या दोन स्वतंत्र यंत्रणा आहेत. गंमत म्हणजे दोन्हींच्या मुळाशी माणूस एकच, चार्ल्स केटरिंग. बॅटरीवर चालणारी त्याची इग्निशन १९१० च्या कॅडिलॅकमध्ये आली, आणि विजेचा सेल्फ १९१२ च्या कॅडिलॅकमध्ये. मधल्या काळात ठिणगी बॅटरीची होती आणि इंजिन फिरवायला मात्र हँडलच मारावं लागत होतं. आजही या दोन यंत्रणांचे फ्यूज वेगळे, रिले वेगळे आणि रोगही वेगळे.

म्हणूनच सेल्फ उत्तम फिरत असताना चार माणसं गोळा करून गाडीला धक्का मारणं व्यर्थ आहे. धक्का सेल्फची जागा घेतो, आणि सेल्फ तर त्याचं काम करतोच आहे. वर त्यात नुकसान आहे. न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या वाटेवरच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन साठतं, आणि इंजिन अचानक पेटलं की ते तिथे जळतं. आतली जाळी तापून वितळू शकते. सेल्फही सलग दहा सेकंदांपेक्षा जास्त मारू नये, आणि दोन प्रयत्नांच्या मध्ये अर्धा मिनिट तरी जाऊ द्यावा. नाहीतर मूळ दोष राहतो बाजूला आणि बॅटरी उतरते, मग मेकॅनिक आल्यावर त्याला तपासायला काही शिल्लकच राहत नाही.

पेट्रोल इंजिन पेटायला काय लागतं? हवा आणि पेट्रोल ठरावीक प्रमाणात, म्हणजे वजनाने सुमारे १४.७ भाग हवेला एक भाग पेट्रोल. ते मिश्रण दाबून दहाव्या हिश्शाएवढ्या जागेत बसवणारं कॉम्प्रेशन. आणि नेमक्या क्षणी पंधरा ते तीस हजार व्होल्टची ठिणगी. पद्मिनी आणि अँबेसेडरच्या जमान्यातला मिस्त्री दोनच प्रश्न विचारायचा: प्लगला करंट येतोय का, आणि कार्बोरेटरला पेट्रोल येतंय का. पावसाळ्यात डेल्कोचं, म्हणजे डिस्ट्रिब्युटरचं, झाकण काढून कोरड्या फडक्याने पुसलं, पॉइंटवरून पॉलिश पेपर फिरवला की निम्म्या गाड्या सुरू व्हायच्या. कार्बोरेटर गेला, डेल्को गेला, पण ते दोन प्रश्न अजूनही तितकेच बरोबर आहेत. त्यात तिसऱ्याची भर पडली आहे: ईसीयूने परवानगी दिली आहे का? पूर्वी इंजिन फिरलं की पेट्रोल आपोआप ओढलं जायचं आणि ठिणगी आपोआप पडायची. आता इंजेक्टर कधी उघडायचा आणि ठिणगी कधी द्यायची हे ईसीयू ठरवतो, आणि त्याची खात्री पटली नाही तर तो दोन्ही रोखून धरतो.

आता प्रत्यक्ष तपासणी. काचा बंद, रेडिओ बंद, एसीचा पंखा बंद. किल्ली ‘ऑन’वर आणायची, सेल्फ मारायचा नाही. दोन गोष्टी एकाच वेळी करायच्या: डॅशबोर्डकडे बघायचं आणि मागच्या सीटकडे कान द्यायचा.

डॅशबोर्डवर इंजिनाच्या आकाराचा पिवळा दिवा लागला पाहिजे. हा दिवा म्हणजे बिघाडाची खूण एवढंच आपल्या डोक्यात असतं. पण इंजिन बंद असताना किल्ली ऑन केली की तो लागणं हे प्रकृती ठीक असल्याचं लक्षण आहे. तो लागलाच नाही तर ईसीयूपर्यंत वीजच पोचत नसण्याची शक्यता मोठी. मग प्लग-पंप यांच्या नादी लागण्याआधी ईसीयूचा फ्यूज आणि मेन रिले बघायचा. या एका दिव्याकडे पाहिलं तर कितीतरी तासांची मेहनत वाचते, आणि बहुतेक जण नेमकं तिकडेच पाहत नाहीत.

त्याच वेळी मागच्या सीटखालून, पेट्रोलच्या टाकीतून, दोन-तीन सेकंद बारीक घूंऽऽ आवाज यायला हवा. हा फ्युएल पंप. इंजिन फिरायच्या आधीच तो पाइपात दाब तयार करून ठेवतो. नेहमीच्या एमपीएफआय, म्हणजे पेट्रोल इंजेक्शनच्या, गाड्यांत हा दाब तीन ते चार बारच्या घरात असतो. आवाज आला तर पंपाला वीज मिळतेय आणि त्याची मोटर फिरतेय, एवढं सिद्ध झालं. दाब पुरेसा आहे हे मात्र सिद्ध झालं नाही. त्यासाठी गॅरेजमध्ये प्रेशर गेज लावावा लागतो.

आवाज आलाच नाही तर लगेच ‘पंप गेला’ म्हणू नका. पंपाच्या आधी फ्यूज असतो, त्याच्या आधी रिले. फ्यूज बॉक्सच्या झाकणावर आतल्या बाजूला नकाशा छापलेला असतो. अनेक गाड्यांत फ्युएल पंपाचा आणि हॉर्नचा रिले एकाच नंबरचा असतो; दोघांची अदलाबदल करून पाहायची. पंप बोलू लागला आणि हॉर्न मुका झाला, तर दोष सापडला. फोर्ड आणि फियाटच्या काही गाड्यांत आणखी एक चोरजागा आहे: अपघातात पेट्रोल तोडणारा इनर्शिया स्विच. मोठ्या खड्ड्यात चाक आदळल्यावरही तो कधी कधी उडतो. त्याचं बटण दाबलं की गाडी मुकाट्याने सुरू होते. आणि फ्यूज, रिले, स्विच सगळं ठीक असून पंप गप्प असेल, तर एकाने सेल्फ मारायचा आणि दुसऱ्याने टाकीच्या तळाला रबरी हातोडीने बेताने ठोकायचं. गाडी सुरू झाली तर पंपाच्या मोटरचे कार्बन ब्रश झिजले आहेत असं समजावं. हा उपाय गॅरेजपर्यंत पोचण्यापुरता. तो पंप बदलावाच लागतो.

पंपाचा विषय निघाला की मुंबई-पुण्यातल्या सीएनजी गाड्यांबद्दल बोलावंच लागतं, कारण हा रोग या गाड्या स्वतःच्या हाताने ओढवून घेतात. बऱ्याच सीएनजी गाड्या, विशेषतः बाहेरून किट बसवलेल्या, सुरू होतात पेट्रोलवर आणि इंजिन थोडं तापल्यावर आपोआप गॅसवर जातात. टाटांच्या आयसीएनजी गाड्यांसारख्या थेट गॅसवर सुरू होणाऱ्या गाड्या अलीकडच्या. पेट्रोल लागतं ते फक्त सुरुवातीच्या मिनिटाला, म्हणून मालक टाकीत जेमतेम दोन-तीन लिटर ठेवतात. काटा कायम तळाशी आणि लाल दिवा कायम पेटलेला. आता टाकीच्या आत काय चालतं ते पाहा. पंप पेट्रोलमध्ये बुडालेला असावा अशीच त्याची रचना आहे. त्याची मोटर थंड राहते ती भोवतीच्या आणि आतून वाहणाऱ्या पेट्रोलमुळे. अनेक किटमध्ये गाडी गॅसवर धावत असतानाही पंप चालूच राहतो, तेच दोन लिटर पेट्रोल गोल गोल फिरवत. चढावर किंवा वळणावर पेट्रोल एका कडेला जातं आणि पंप हवा ओढतो, कोरडा फिरतो, तापतो. असं काही महिने चाललं की एका सकाळी सेल्फ मारला तरी गाडी ढिम्म. सिलिंडरमध्ये गॅस भरलेला आहे, तरी गाडी पेटत नाही, याचं मालकाला नवल वाटतं.

त्यात पेट्रोलही जुनं झालेलं असतं. पेट्रोलमधले हलके, चटकन पेटणारे घटक आधी उडून जातात. महिनोन् महिने पडून राहिलेलं पेट्रोल थंड इंजिनाला पेटवायला कमी पडतं. आता त्यात २० टक्के इथेनॉल असतं, आणि इथेनॉल हवेतला ओलावा शोषून घेतं. टाकी रिकामी म्हणजे आत हवा जास्त, हवा जास्त म्हणजे ओलावा जास्त. पाणी एका मर्यादेपलीकडे गेलं की ते इथेनॉलला बरोबर घेऊन पेट्रोलपासून वेगळं होतं आणि तळाशी बसतं, बरोबर जिथून पंप ओढतो तिथे. सीएनजी गाडीवाल्यांनी टाकी निदान पाव भरलेली ठेवावी आणि दर आठवड्याला काही किलोमीटर गाडी पेट्रोलवर चालवावी. गॅसवर जे वाचतं त्याच्या तुलनेत हा खर्च नगण्य आहे. काट्यावर आंधळा विश्वासही ठेवू नये, हे सगळ्याच गाड्यांना लागू: टाकीतला फ्लोट अडकला तर रिकाम्या टाकीलाही काटा पाव टाकी दाखवतो. पाच लिटर पेट्रोल आणून ओतणं ही सर्वांत स्वस्त तपासणी आहे आणि ती पहिल्यांदा करायला कोणी लाजू नये.

पंप बोलतोय, पिवळा दिवा लागतोय. आता सेल्फ मारायचा आणि आवाजाची लय ऐकायची. निरोगी इंजिन सेल्फवर फिरताना एका लयीत कण्हतं, कारण प्रत्येक सिलिंडरच्या कॉम्प्रेशनला सेल्फ किंचित अडतो आणि पुढे जातो. ही अडखळच नाहीशी झाली आणि इंजिन नेहमीपेक्षा भरभर, एकसुरात, हलकं फिरू लागलं, तर हात तिथेच थांबवावा. टायमिंग बेल्ट तुटल्याचा हा आवाज असू शकतो. खालचा क्रँकशाफ्ट फिरतोय, वरचा कॅमशाफ्ट थांबलाय, व्हॉल्व्ह उघडे राहिलेत, म्हणून कॉम्प्रेशन नाही. मारुती ८०० आणि जुन्या सँट्रोच्या इंजिनांना असा रबरी बेल्ट होता. मारुतीच्या पुढच्या के-सिरीज इंजिनांना चेन आली. ज्या इंजिनात पिस्टन आणि उघडा व्हॉल्व्ह एकमेकांच्या वाटेत येतात, त्यात बेल्ट तुटल्यावर मारलेला प्रत्येक सेल्फ व्हॉल्व्ह वाकवण्याचं काम करतो.

लय ठीक असेल तर नाकाचं काम सुरू होतं. आठ-दहा सेकंद सेल्फ मारल्यावर मागे जाऊन सायलेन्सरच्या तोंडाशी वास घ्यावा. कच्च्या पेट्रोलचा उग्र वास येत असेल तर पेट्रोल इंजिनात पोचतंय आणि जळत नाहीये, संशय ठिणगीवर. वास अजिबात नसेल तर पेट्रोलच पोचत नाहीये. गॅरेजमध्ये हेच काम प्लग काढून करतात. ओला, पेट्रोलने चिंब प्लग म्हणजे ठिणगी हरवली. कोरडा ठणठणीत प्लग म्हणजे पेट्रोल हरवलं. प्लग बाहेर काढून, इंजिनाला टेकवून ठिणगी बघायची जुनी पद्धत मात्र घरी करू नये. प्लगच्या उघड्या भोकातून पेट्रोलची वाफ बाहेर येत असते, शेजारी ठिणगी. आणि हल्लीच्या प्लगवरच बसणाऱ्या कॉइल नीट अर्थिंग न मिळता उडवल्या तर कॉइल जळते, कधी ईसीयूही जातो. त्यासाठी स्पार्क टेस्टर मिळतो, तो मेकॅनिककडे असायला हवा.

वास खूपच येत असेल तर कदाचित बिघाड काहीच नसेल आणि गाडी फक्त ‘फ्लड’ झाली असेल. गॅरेजमधून बाहेर काढून लगेच बंद केलेल्या थंड गाडीचं असं होतं: प्लग ओले होतात आणि पुन्हा पेट घेत नाहीत. ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबून धरायचा आणि सेल्फ मारायचा. बहुतेक इंजेक्शनच्या गाड्यांत पेडल पूर्ण दाबलेलं असताना सेल्फ मारला की ईसीयू त्याचा अर्थ ‘पेट्रोल बंद कर, नुसती हवा जाऊ दे’ असा घेतो. इंजिन फडफडत पेटलं की पाय उचलायचा. कार्बोरेटरच्या काळातली ही सवय अनेकांना आठवत असेल. आता तीच गोष्ट प्रोग्रॅममध्ये लिहिलेली आहे.

पेट्रोलचा वास नाही, ठिणगीही नाही, पण पंप चालू होताना ऐकू येतो. अशी दोन्ही एकदम नाहीशी झालेली गाडी मला सर्वांत महत्त्वाची वाटते, कारण सर्वांत जास्त चुकीचे पार्ट तिथेच बदलले जातात. पंप, प्लग, कॉइल एकाच दिवशी एकदम मरत नाहीत. दोन्ही बंद आहेत म्हणजे दोन्हींना हुकूम देणाऱ्याकडे काहीतरी अडलं आहे, आणि तिथे पहिला संशयित क्रँक सेन्सर.

हा सेन्सर काय करतो ते जवळून पाहण्यासारखं आहे. क्रँकशाफ्टला दाते असलेलं एक चाक जोडलेलं असतं. सर्वाधिक प्रचलित रचनेत त्यावर साठ दात्यांची जागा असते, पण दाते अठ्ठावन्नच. दोन मुद्दाम गाळलेले. सेन्सरसमोरून एकेक दाता सरकतो तसा विजेचा एकेक झटका ईसीयूला मिळतो. मध्येच मोकळी जागा आली की ईसीयूला कळतं, पहिला पिस्टन आत्ता इथे आहे. सेल्फच्या दोनशे फेऱ्यांनाही सेकंदाला जवळपास दोनशे झटके जातात. हे झटके थांबले तर ईसीयूच्या दृष्टीने इंजिन फिरतच नाहीये, आणि उभ्या इंजिनात पेट्रोल फवारणं धोक्याचं, म्हणून तो ना इंजेक्टर उघडतो ना ठिणगी देतो. बऱ्याच गाड्यांत याचा पुरावा समोर दिसतो: सेल्फ मारताना आरपीएमचा काटा दोनशेच्या आसपास थोडा उचलला जातो. तो शून्यावर चिकटून राहिला तर क्रँक सेन्सर किंवा त्याची वायर तपासायला सांगावं. सगळ्याच गाड्यांचे काटे एवढ्या कमी फेऱ्यांना हलत नाहीत, त्यामुळे आपली गाडी धडधाकट असतानाच एकदा हे पाहून ठेवलेलं बरं.

या सेन्सरचा आजार गरमीत उठतो. मे महिन्यात खंबाटकी घाट चढून यावा, वर चहाला थांबावं, पंधरा मिनिटांनी परत येऊन किल्ली फिरवावी आणि गाडीने दाद देऊ नये. अर्ध्या तासाने काहीच न करता ती पहिल्या सेल्फला सुरू व्हावी. गॅरेजमध्ये नेईपर्यंत गाडी थंड झालेली असते, दोष दिसत नाही, आणि ‘पेट्रोलमध्ये कचरा असेल’ म्हणून फिल्टर बदलून मिळतो. खरं कारण असं: चालत्या गाडीत वारा आणि कूलंट इंजिनाला थंड ठेवतात. गाडी उभी केली की हे दोन्ही थांबतात आणि इंजिनाची उष्णता शेजारच्या भागांत शिरते, त्यामुळे बंद केल्यानंतरची काही मिनिटं सेन्सर जास्तच तापतो. जुन्या धर्तीच्या सेन्सरमध्ये अतिशय बारीक तांब्याच्या तारेचं वेटोळं असतं. आतला कमकुवत झालेला जोड तापल्यावर सुटतो आणि थंड झाल्यावर पुन्हा टेकतो. शिवाय अशा सेन्सरचा सिग्नल वेगावर अवलंबून असतो: इंजिन वेगात असताना जोरकस, सेल्फवर फिरताना दुबळा. म्हणून आजारी सेन्सरवर गाडी घाटात व्यवस्थित धावते आणि थांबल्यावर सुरू मात्र होत नाही. जाणकार मेकॅनिक अशा वेळी सेन्सरवर ओलं फडकं ठेवून बघतो. तो थंड होताच गाडी पेटली, तर वेगळा पुरावा लागत नाही.

तिसरा प्रश्न परवानगीचा. किल्लीच्या प्लास्टिकच्या डोक्यात एक चिप असते. तिला बॅटरी लागत नाही. इग्निशनच्या कुलपाभोवतीची कॉइल तिला जागी करते आणि तिचा नंबर वाचते. नंबर जुळला नाही तर काही गाड्यांत सेल्फच फिरत नाही, काहींत सेल्फ फिरतो पण इंजिन पेटत नाही, आणि काहींत ते पेटून सेकंदा-दोन सेकंदांत बंद पडतं. डॅशबोर्डवर किल्लीचा किंवा कुलपाचा दिवा लुकलुकत असेल तर इंजिनाला हात लावायच्या आधी दुसरी किल्ली लावून पाहा. जुडग्यात दुसऱ्या गाडीची चिपवाली किल्ली असेल तर ती बाजूला काढा. बाजारात चिपशिवाय बनवून घेतलेली डुप्लिकेट किल्ली दार उघडते, काही गाड्यांत सेल्फही मारते, पण इंजिन चालू ठेवू शकत नाही.

वायर कुरतडणाऱ्या उंदरांबद्दल वेगळं सांगायची गरज नाही, पावसाळ्यात उबेला बॉनेटखाली शिरणारे उंदीर आपल्याकडे कोणाला नवे नाहीत. पार्ट बदलण्याआधी टॉर्च घेऊन इंजेक्टरच्या आणि सेन्सरच्या वायरी शेवटपर्यंत बघाव्यात, एवढंच.

डिझेलला ठिणगी नसते. सोळा-सतरा पटीने दाबलेली हवाच इतकी तापते की डिझेल आपोआप पेटतं. इथे नाकाऐवजी डोळे वापरायचे. सेल्फ मारताना सायलेन्सरमधून पांढरा धूर निघत असेल तर डिझेल आत जातंय. काहीच धूर नसेल तर डिझेल पोचत नाहीये, आणि टाकी एकदा रिकामी झाली असेल तर बहुधा ‘गाडीने एअर घेतली’ आहे, म्हणजे डिझेलच्या पाइपात हवा शिरली आहे. नुसतं डिझेल भरून भागत नाही, फिल्टरजवळचा हातपंप दाबून एअर काढावी लागते. हल्लीच्या कॉमन रेल गाड्यांत रेलमधला दाब दीडशे-दोनशे बारपर्यंत चढल्याशिवाय ईसीयू इंजेक्टर उघडतच नाही, त्यामुळे थोडीशी एअरही गाडी अडवून धरते.

एक प्रसंग मात्र असा आहे की त्यात यातलं काहीच करायचं नाही. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि मुंबईत असंख्य गाड्या पाण्याखाली गेल्या. तेव्हापासून जवळपास दर पावसाळ्यात कुठल्या ना कुठल्या शहरात हे घडतं. पाणी ओसरल्यावर माणूस पहिली गोष्ट करतो ती म्हणजे सेल्फ मारून बघणं. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. सिलिंडरमध्ये पाणी शिरलेलं असताना सेल्फ मारला तर पिस्टन पाण्यावर आदळतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. साफसफाईवर भागलं असतं तिथे इंजिन खोलावं लागतं. बुडालेल्या गाडीची किल्ली ‘ऑन’सुद्धा करू नये. बॅटरीची वायर सोडवून गाडी टो करून न्यावी.

राहिला स्कॅनर. आपल्याकडे २०१३ पासूनच्या गाड्यांत स्टिअरिंगखाली ओबीडीचं सॉकेट मिळतं आणि साधा ब्लूटूथ डोंगल लावून मोबाइलवर कोड वाचता येतात. पी ०३३५ म्हणजे क्रँक सेन्सरच्या सर्किटमध्ये दोष. इथे ‘सर्किट’ला महत्त्व आहे. सेन्सर, त्याची वायर, कनेक्टर यांपैकी काहीही बिघडलं तरी हाच कोड येतो. कोड वाचून थेट सेन्सर बदलणं हाही अंदाजच, फक्त कॉम्प्युटरच्या नावाने केलेला. त्यापेक्षा सेल्फ मारताना मोबाइलवर आरपीएमचा चालू आकडा बघावा. शून्य दिसला तर सिग्नल येत नाही, दोनशे दिसला तर येतोय.

मेकॅनिकला फोन करताना यापुढे एवढं सांगा: सेल्फ कसा फिरतोय, पिवळा दिवा लागतोय का, पंपाचा आवाज येतोय का, पेट्रोलचा वास येतोय का, गाडी गरम असताना अडली की थंड. ही पाच उत्तरं मिळाली की चांगला मेकॅनिक योग्य सामान घेऊनच घरातून निघतो. आणि एखादा पार्ट बदलायचा ठरला तर तो खराब आहे हे कोणत्या तपासणीवरून ठरलं, ते विचारा आणि जुना पार्ट परत मागून घ्या. फ्युएल पंप किंवा ईसीयू बदलायला तर या प्रश्नाचं उत्तर मिळाल्याशिवाय होकार देऊ नका.